दुसऱ्या डोळ्याची तारीख : आंद्रे थॉमस प्रकरणाचा मनोविकारशास्त्रीय अभ्यास

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला शेर्मन नावाचं शहर आहे. २७ मार्च २००४ रोजी तिथे आंद्रे थॉमस या २१ वर्षांच्या तरुणाने वेगळ्या राहणाऱ्या बायकोला, आपल्या चार वर्षांच्या मुलाला आणि तिच्या तेरा महिन्यांच्या मुलीला ठार मारलं. स्वतःलाही गंभीर जखम करून घेतली, आणि मरण येत नाही म्हटल्यावर तो आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात गेला. पाच दिवसांनी तुरुंगाच्या कोठडीत, बायबल वाचत असताना, त्याने स्वतःचा उजवा डोळा काढला. पुढे मृत्युदंडाची शिक्षा झाली. डिसेंबर २००८ मध्ये, मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठडीत असताना, त्याने डावाही काढला.

ही कृती कशी झाली याचं वर्णन या लेखात नाही. आजार समजून घ्यायला ते लागतही नाही. लागतात त्या दोन तारखा, त्यांच्यामधलं अंतर आणि त्या अंतरात कोणी काय पाहिलं, काय पाहिलं नाही.

डोळ्याला स्वतःहून केलेली गंभीर इजा हा दुर्मीळ प्रकार आहे. नियतकालिकांतल्या केस रिपोर्टमध्ये तो पानभरात संपतो : वय, निदान, कोणता डोळा, कोणतं औषध, आणि शेवटी ‘पुढे रुग्ण पाठपुराव्यासाठी आला नाही’. थॉमसचं तसं झालं नाही. खटला, अपिलं, तज्ज्ञांच्या साक्षी, तुरुंगातल्या वैद्यकीय नोंदी असा सगळा कागद जवळजवळ दोन दशकं साचत गेला. एका माणसाचा मनोविकार लहानपणापासून पुढे इतका सलग वाचायला क्वचितच मिळतो. म्हणून हे प्रकरण.

लहानपणापासूनचे आवाज

नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून थॉमसला आवाज ऐकू येत होते. देवदूत आणि सैतान डोक्यात भांडतात, असं तो मित्रांना सांगायचा. आत्महत्येचे प्रयत्न त्याच वयात सुरू झाले. घरात दारू होती, गरिबी होती, जवळच्या नात्यात मनोविकार होता. शाळा सुटली, किरकोळ गुन्ह्यांत पोलिसांकडे फेऱ्या झाल्या, किशोरवयातच तो बाप झाला आणि अठराव्या वर्षी लग्न झालं. ते टिकलं नाही. एवढ्या वर्षांत सलग उपचार असे त्याला कधीच मिळाले नाहीत.

२००४ च्या सुरुवातीला मात्र चित्र झपाट्याने बदललं. तोंडावर चिकटपट्टी लावून तो बोलायचाच बंद झाला. डॉलरच्या नोटेत जगण्याचा अर्थ लपला आहे, असं म्हणू लागला. घडलेले प्रसंग आपण पुन्हा पुन्हा जगतो आहोत, असं त्याला वाटे. देवाचा आवाज थेट ऐकू येत होता. चिकटपट्टीची गोष्ट बाहेरच्याला विक्षिप्तपणा वाटेल. वॉर्डात काम केलेल्या माणसाच्या मनात मात्र लगेच प्रश्न येतो : हा कोणाच्या आज्ञेने गप्प आहे? सायकोसिसमधला, म्हणजे वास्तवाशी नातं तुटून भास-भ्रमात जगणारा, माणूस आपल्या शरीराचा एखादा भाग धोक्याचा ठरवतो आणि त्याचा बंदोबस्त करू लागतो. तोंड बंद करणं, कानात बोळे घालणं, चोवीस तास गॉगल लावून बसणं, सूर्याकडे टक लावून पाहणं, हे सगळं एकाच जातीचं. यातला कोणताही प्रकार दिसला की ‘असं का करता?’ हे विचारलंच पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत पेशंटला घरी सोडू नये.

दारू, गांजा आणि सर्दीच्या गोळ्या हेही याच काळात चालू होतं. त्या गोळ्यांमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. आपल्याकडच्या अनेक खोकल्याच्या औषधांतही ते असतं. नेहमीच्या मात्रेत निरुपद्रवी. पण अतिरेकी मात्रेत ते मेंदूतल्या ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) अडवतं, त्याच ग्राहींना केटामीन अडवतं, आणि मग भास, भ्रम, स्वतःपासून तुटल्याची भावना येऊ शकते. हा मुद्दा पुढे खटल्याच्या केंद्रस्थानी आला.

खुनांच्या आधीच्या तीन आठवड्यांत थॉमस दोनदा वैद्यकीय यंत्रणेच्या दारात पोचला होता. पहिल्या वेळी मानसिक आरोग्य केंद्रात, जीव द्यावासा वाटतो असं सांगत. तिथून त्याला इस्पितळात जायला सांगितलं आणि तो मधल्या मध्ये निसटला. दुसऱ्या वेळी, खुनांच्या फक्त दोन दिवस आधी, स्वतःला जखम करून घेतल्यावर तो इस्पितळात आला. डॉक्टरने त्याला सक्तीने ठेवून घेण्याचे कागद भरायला घेतले. कागद पुरे होऊन पोलिसांपर्यंत जाईतो तो दार उघडून चालता झाला होता.

अतिदक्षता किंवा अपघात विभागात रात्रपाळी केलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचं वाटेल. डॉक्टर फॉर्म भरतोय, नर्स दुसऱ्या पेशंटकडे, नातेवाईक केसपेपर काढायला गेलेले आणि खाट रिकामी. चूक कोणा एकाची म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होते. ज्याला ठेवून घ्यायचं ठरलंय त्याच्याजवळ एक माणूस बसवायचा आणि मग कागदाला हात लावायचा, इतका साधा क्रम आहे. तो पाळायला माणूस लागतो आणि माणूस कधीच नसतो.

उजवाच डोळा का

मॅथ्यूच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायातल्या एकोणतिसाव्या वचनात येशू म्हणतो की तुझा उजवा डोळा तुला पापात पाडत असेल तर तो उपटून टाक. सगळं शरीर नरकात जाण्यापेक्षा एक अवयव गेलेला बरा. थॉमस कोठडीत तेच वाचत होता. त्याने उजवाच डोळा काढला.

या वचनाचा अर्थ असा शब्दशः कोणी ख्रिस्ती धर्मगुरू लावत नाही. कोट्यवधी लोक ते वाचतात आणि पान उलटतात. थॉमसने ते आपल्यासाठी आलेली आज्ञा म्हणून वाचलं, कारण आदल्या आठवड्यापर्यंत तो एका संपूर्ण रचनेत जगत होता. बायको ही बायबलमधली दुष्ट राणी जेझबेल, मुलगा ख्रिस्तविरोधी, लहान मुलगी वाईट शक्तींशी जोडलेली, आणि त्यांचा नायनाट करण्याचं काम देवाने आपल्यावर सोपवलेलं, असं त्याच्या भ्रमाचं कथानक होतं. त्या कथानकात स्वतःचं मरणही लिहिलेलं होतं. ते आलं नाही. राहिला तो एक जिवंत माणूस, हातून घडलेल्या गोष्टीसह, बंद कोठडीत, हातात तेच पुस्तक. देवाचं काम केलं ही खात्री आणि आपण महापाप केलं ही जाणीव, दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतात. अशा अवस्थेत शिक्षेची वाट पाहणारं मन अवयवही स्वतःच निवडतं.

म्हणून मी याला आत्महत्येचा फसलेला प्रयत्न म्हणणार नाही. दोन्हींमागचं तर्कशास्त्र वेगळं आहे. आत्महत्येत माणसाला संपायचं असतं. इथे त्याला बाकीचं शरीर, बाकीचा आत्मा वाचवायचा असतो. डोळा ही त्याने मोजलेली किंमत असते. अशा कृतीनंतर पेशंट चमत्कारिक शांत सापडतो, वेदनेची तक्रारही फारशी करत नाही, असं अनेक नोंदींमध्ये येतं. नवख्या डॉक्टरची इथे फसगत होते. शांत आहे म्हणजे धोका टळला, असं तो समजतो. प्रत्यक्षात ती कर्तव्य पार पडल्याची शांतता असते, आणि भ्रम जसाच्या तसा असतो. उद्या तोच भ्रम दुसऱ्या डोळ्याचा हिशेब मागू शकतो.

धर्माला दोष देऊन इथे काही मिळत नाही. आजार आपला कच्चा माल आसपासच्या संस्कृतीतून उचलतो. टेक्सासमध्ये तो बायबलमधून आला. दक्षिणेत श्रीकालहस्तीला कण्णप्प नायनाराची कथा घराघरात माहीत आहे : शिवलिंगाच्या डोळ्यातून रक्त येताना पाहून या शिकाऱ्याने स्वतःचा डोळा अर्पण केला, दुसराही द्यायला निघाला, तेव्हा देवाने हात धरला. कृष्णभक्त बिल्वमंगळाची गोष्टही सांगितली जाते. परस्त्रीकडे वासनेने पाहिलं म्हणून त्याने डोळेच नष्ट केले. श्रद्धाळू माणूस या कथांतली भक्ती घेतो. सायकोसिसमध्ये मात्र कथेतलं आणि आपल्यातलं अंतरच पुसलं जातं. उद्या धर्माऐवजी मोबाइल, सॅटेलाइट किंवा डोळ्यात बसवलेला कॅमेरा आला तरी साचा तोच राहतो. हल्लीचे पेशंट कॅमेऱ्याबद्दल अधिक बोलतात.

मनोविश्लेषणाच्या परंपरेने डोळ्यावर बरंच लिहिलं. फ्रॉइडने डोळे जाण्याच्या भीतीचा संबंध लिंगविच्छेदाच्या भीतीशी जोडला. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी १९३८ मध्ये शरीराच्या एका भागाचा बळी देऊन उरलेलं वाचवण्याची कल्पना मांडली. मेनिंजर यांचं म्हणणं थॉमसच्या बाबतीत चपखल बसतं, हे मान्य. पण रात्री अडीच वाजता ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला यातलं काही उपयोगी पडत नाही. त्याला उपयोगी पडते ती वेगळी माहिती. ऑस्ट्रेलियातल्या मॅथ्यू लार्ज, ओलाव्ह नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या प्रसिद्ध नोंदी एकत्र करून पाहिल्या. सायकोसिसमध्ये डोळ्याला मोठी इजा करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं आजाराच्या पहिल्याच झटक्यात होती, म्हणजे अजून एकदाही नीट उपचार न झालेली. थॉमसही त्यांतलाच. सर्वांत भयंकर गोष्ट आजाराच्या शेवटी, सगळे उपाय थकल्यावर घडते अशी आपली समजूत असते. अनेकदा ती सुरुवातीलाच घडते.

नशा की आजार

खटल्यात खरा वाद एवढाच होता. तो सायकोसिसमध्ये होता हे सरकारी पक्षानेही नाकारलं नाही. पण ते त्याने स्वतःच्या हाताने, गोळ्या आणि दारू घेऊन ओढवून घेतलं, असं त्यांचं म्हणणं होतं. टेक्सासच्या कायद्यात स्वखुशीने केलेली नशा बचाव ठरत नाही. बचाव पक्ष म्हणत होता स्किझोफ्रेनिया, म्हणजे नशेविनाही राहणारा, दीर्घकाळचा सायकोसिसचा आजार. डोळा काढल्यानंतर काही आठवड्यांतच तो खटल्याला सामोरं जाण्यास मानसिकदृष्ट्या अक्षम ठरला. त्याला सरकारी मनोरुग्णालयात पाठवलं, आणि औषधं देऊन सुमारे दीड महिन्यात सक्षम म्हणून परत आणलं. २००५ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं आणि मृत्युदंड दिला.

निदानाच्या बाजूने हा प्रश्न खरोखर सोपा नाही. नशा आणि स्किझोफ्रेनिया हातात हात घालून येतात. आवाज सुसह्य व्हावेत म्हणून पेशंट नशा करतात, आणि नशेने आवाज वाढतात. अशा वेळी आपण घड्याळ आणि कॅलेंडर पाहतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा अंमल तासांत मोजायचा असतो, फार तर एक-दोन दिवसांत. पहिला डोळा अटकेनंतर पाच दिवसांनी गेला. एवढ्यावर मी पैज लावणार नाही. नशेने उसळलेला सायकोसिस काही आठवडे रेंगाळल्याची उदाहरणं आहेत, आणि निदानाचे निकष महिनाभराची मुभा देतात. मागे पाहिलं तर दहाव्या वर्षापासूनचे आवाज आहेत, गोळ्यांच्या कितीतरी आधीचे. तेही ऐकीव म्हणून बाजूला ठेवता येतील.

डिसेंबर २००८ बाजूला ठेवता येत नाही. अटकेला साडेचार वर्षांहून जास्त काळ लोटला होता. मृत्युदंडाच्या कोठडीत माणूस दिवसाचे बावीस-तेवीस तास एकटा असतो. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं तिथे मिळत नाहीत. तेव्हाही तोच आजार, तोच अवयव. कारण फक्त बदललं होतं : सरकारला आपले विचार ऐकता येऊ नयेत म्हणून हे केलं, असं त्याने सांगितल्याची नोंद आहे. पाप जाऊन सरकार आलं, पण डोळा हे आपल्या आत शिरण्याचं दार आहे ही धारणा टिकून होती. ज्यूरीला २००५ मध्ये जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर या दुसऱ्या तारखेने दिलं, असं माझं मत आहे. उत्तर आलं तेव्हा प्रश्न विचारून झाला होता.

सोंग करत असेल, ही शंका अशा प्रत्येक खटल्यात कोणीतरी काढतं. शिक्षा टाळायला माणसं वेडाचं सोंग घेतात हे खरं आहे, आणि ते ओळखण्याच्या पद्धतीही आहेत : सोंग घेणारा आपले भास आपणहून, रंगवून सांगतो, खरा पेशंट बहुधा लपवतो. सोंगवाल्याची लक्षणं कोणी पाहत असताना वाढतात. पण शिक्षा लागून गेल्यावर, बघणारं कोणी नसताना, उरलेली दृष्टी घालवणारं सोंग कसलं?

पहिल्या इजेनंतरची रात्र

पहिला डोळा गेल्यावर दुसरा तीन बाजूंनी धोक्यात असतो, आणि त्यासाठी नेत्रतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच खाटेशी उभे राहावे लागतात. एक तर दृष्टीच्या मज्जातंतूला बसलेला ताण मागे, जिथे दोन्ही डोळ्यांचे तंतू एकमेकांना ओलांडतात तिथपर्यंत पोचू शकतो आणि चांगल्या डोळ्याच्या दृष्टिक्षेत्राची बाहेरची बाजू जाऊ शकते. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, मेंदूतल्या द्रवाची गळती हेही घडू शकतं; म्हणून स्कॅन लगेच. दुसरं, डोळा फुटलेल्या जखमेनंतर काही आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्तीच निरोगी डोळ्यावर उलटण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, ज्यात तोही निकामी होऊ शकतो. आणि तिसरं, सर्वांत जवळचं : पेशंटचे स्वतःचे हात.

त्यामुळे अशा पेशंटला डोळ्यांच्या वॉर्डात पट्टी बांधून ठेवलं आणि ‘सायकियाट्री कॉल सकाळी’ असं लिहिलं, तर ती गंभीर चूक आहे. त्याच रात्री अँटिसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरचं औषध, सुरू व्हायला हवं. बहुधा हॅलोपेरिडॉल आणि लोराझेपाम इंजेक्शनने, म्हणजे झोप आणि शांतता दोन्ही मिळतात. एक माणूस हाताच्या अंतरावर चोवीस तास. ड्रेसिंग बदलताना, बाथरूममध्ये, चहा देतानाही. पट्टीखालचा अंधार काही पेशंटना असह्य होतो आणि भ्रमात भर घालतो, तेव्हा प्रत्येक कृती आधी सांगून करावी. इजा का झाली याचा शारीरिक शोधही राहून जाऊ नये : अपस्मार, मेंदूचा दाह, सिफिलिस, मेथॲम्फेटामीनसारखी नशा, स्टिरॉइड. नैराश्य तीव्र असेल किंवा माणूस ताठरून गप्प झाला असेल तर विजेचे उपचार, म्हणजे ईसीटी, जीव आणि दृष्टी दोन्ही वाचवू शकते. औषधांना न जुमानणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापीनचा विचार लवकर करावा. ते द्यायचं म्हणजे पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी आली, आणि तुरुंगात तेच जमत नाही.

विचारायचं कसं, हेही नवख्यांना शिकवावं लागतं. ‘भास होतात का?’ याला उत्तर ‘नाही’ येतं. ‘डोळ्यांबद्दल काही वेगळं वाटतंय का? त्यांतून कोणी बघतं का? उरलेल्या डोळ्याबद्दल देव काही म्हणाला का?’ असं थेट, साध्या आवाजात विचारलं की पेशंट बोलतो. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते अशी भीती बाळगू नये. ती आधीच तिथे असते.

डोळ्याला स्वतः इजा करणारा प्रत्येक जण सायकोटिक असतो असंही नाही. जन्मापासून दृष्टी नसलेली काही मुलं डोळे सतत बोटांनी दाबतात, कारण त्या दाबाने त्यांना प्रकाशाचे ठिपके दिसतात. मतिमंदत्वात, अनैच्छिक झटक्यांच्या तीव्र टुरेट सिंड्रोममध्ये, मंत्रचळात (ओसीडी) वेगळ्या कारणांनी इजा होते. त्यांचे उपचार वेगळे, आणि ते इथल्या विषयाबाहेरचे.

आपल्याकडे असतं तर

महाराष्ट्रात असा तरुण पहिल्यांदा डॉक्टरकडे येतच नाही. ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणून तो आधी देवऋषीकडे जातो, मग दर्ग्यावर, मग एखाद्या मठात, आणि सहा-आठ महिन्यांनी कोणी शहाणा नातेवाईक त्याला जिल्हा रुग्णालयात आणतो. घरच्यांना मी यात खलनायक करणार नाही. मुलगा तोंडाला पट्टी लावून बसला तर कोणत्या आईला ‘सायकोसिस’ सुचेल? पण पूजा-अंगारा चालू ठेवूनही गोळी सुरू करता येते, एवढं तिला कोणीतरी सांगायला हवं. वाट पाहण्यातल्या महिन्यांना मनोविकारशास्त्रात स्वतंत्र महत्त्व आहे : उपचाराविना सायकोसिस जितका लांबतो, तितकं पुढचं बरं होणं कठीण होत जातं. टेलीमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मराठीतही बोलते, आणि ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं अजून चालू आहेत, लोक त्यांना कितीही घाबरत असले तरी.

कायदाही इथे कामाचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९४ नुसार जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. मनोविकारतज्ज्ञ येईपर्यंत थांबायची गरज नाही. स्वतःला धोका असलेला मनोरुग्ण पोलिसांना आढळला तर त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी कलम १०० मध्ये आहे. शेर्मनच्या इस्पितळात कागद जिथे अडकला, तिथे आपला कायदा कागदावर तरी मोकळा आहे. तालुक्याच्या किती डॉक्टरांना कलम ९४ माहीत आहे, हा निराळा प्रश्न.

गुन्ह्याच्या जबाबदारीचा नियम मात्र दोन्हीकडे एकाच मुळातून आलेला आहे : १८४३ चे इंग्लंडमधले मॅकनॉटन नियम. आपल्याकडे ते भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहेत. कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक असल्याचं आरोपीला कळत होतं का, एवढंच पाहायचं. थॉमस स्वतः पोलिसांकडे गेला, म्हणजे कळत होतं, असा अर्थ लावता येतो. २००९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयात न्यायाधीश कॅथी कॉक्रन यांनी लिहिलं की हा अर्जदार स्पष्टपणे ‘क्रेझी’ आहे, पण टेक्सासच्या कायद्याप्रमाणे तो ‘सेन’ही, म्हणजे शहाणाही, आहे. वैद्यक आणि कायदा यांतली दरी इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी कबूल केली असेल.

पुढे अपिलांमध्ये वेगळाच मुद्दा आला. थॉमस कृष्णवर्णीय, बायको गोरी, ज्यूरी पूर्ण गोरी, आणि त्यांतल्या तिघांनी आंतरवंशीय लग्नाला आपला विरोध असल्याचं निवडीच्या वेळीच लिहून दिलं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी आणखी दोन न्यायमूर्तींसह तीव्र असहमती नोंदवली. मृत्युदंडासाठी ५ एप्रिल २०२३ ही तारीख ठरली. मार्चमध्ये स्थानिक न्यायाधीशांनी ती मागे घेतली, कारण आता प्रश्न होता तो मृत्युदंडाला सामोरं जाण्याइतकी समज त्याला आहे का, हा.

हा प्रश्न डॉक्टरला अडचणीत टाकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या फोर्ड आणि २००७ च्या पनेटी या निकालांनुसार आपल्याला का मारलं जातंय हे ज्याला वास्तवाच्या पातळीवर समजत नाही, त्याला मारता येत नाही. पनेटीही टेक्सासचाच स्किझोफ्रेनियाचा पेशंट. मग औषध देऊन समज आणली तर? लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये, मृत्युदंड देता यावा म्हणून सक्तीने औषध देण्यावर बंदी घातली. आर्कान्सामधल्या एका कैद्याच्या बाबतीत संघीय अपील न्यायालयाने २००३ मध्ये उलट कौल दिला आणि पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड दिला गेला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नीतिनियमांप्रमाणे कैद्याला मृत्युदंडास पात्र करण्याच्या हेतूने डॉक्टरने उपचार करू नयेत; त्रास असह्य असेल तर तो कमी करण्यासाठी करावेत. थॉमसच्या बाबतीत ही ओळ आखायची कुठे? औषध बंद केलं तर तो स्वतःला पुन्हा इजा करेल, हे त्याच्या शरीरावरच लिहिलेलं आहे. चालू ठेवलं तर प्रत्येक सुधारणा सरकारी पक्षाच्या फाइलमध्ये जाते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने मनोविकार हा फाशी कमी करण्याचा एक आधार मानला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आरोपीचं नाव ‘एक्स’ असं झाकून, न्यायालयाने म्हटलं की शिक्षेनंतर जडलेला तीव्र मनोविकारही फाशी रद्द करायला पुरेसा असू शकतो. गुन्हा दोन अल्पवयीन मुलींच्या बलात्कार आणि खुनाचा होता. न्यायालयाने तो कुठेही सौम्य केला नाही. आरोपीला उरलेलं आयुष्य तुरुंगात काढावं लागेल, आणि राज्य सरकारने त्याच्या उपचारांची व्यवस्था करावी, असा आदेश झाला. त्या चौकटीत तुरुंगातल्या मनोविकारतज्ज्ञाला क्लोझापीनची मात्रा वाढवताना फक्त रक्ताचा रिपोर्ट पाहावा लागतो. टेक्सासमधल्या त्याच्या सहकाऱ्याला ती मुभा नाही.